जादूगाराचा बायोडेटा

जादूगाराला कार्यक्रम देणाऱ्या माणसाने बहुतेक वेळा त्याची जादू पाहिलेली नसते. गणेशोत्सव मंडळाचे कार्यवाह, स्नेहसंमेलनाची जबाबदारी सांभाळणाऱ्या शिक्षिका, कंपनीच्या ‘फॅमिली डे’चे काम घेतलेला इव्हेंट मॅनेजर, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी, या सगळ्यांपर्यंत आधी पोहोचतो तो एक कागद, दोन फोटो आणि मोबाइलवर पाठवलेला छोटा व्हिडिओ. त्यांचे प्रश्न व्यवहारी असतात. हा माणूस वेळेवर येईल का? शाळेच्या मैदानात बसलेल्या मुलांना पाऊण तास धरून ठेवेल का? पाहुण्यांसमोर काही अचकटविचकट बोलणार नाही ना? मागतो आहे तेवढे मानधन देण्याजोगे याच्याकडे काही आहे का? व्यावसायिक जादूगाराचा बायोडेटा या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी असतो. त्यात शाळा-कॉलेज आणि पदव्या आल्या नाहीत तरी कोणाचे काही अडत नाही.

या कामात एक पेच सुरुवातीपासूनच आहे. प्रेक्षकांच्या संमतीने त्यांना फसवणे हा जादूगाराचा पेशा. त्यामुळे त्याच्या प्रत्येक शब्दाकडे लोक आधीच थोड्या संशयाने पाहतात. रंगमंचावर हा संशय उपयोगी पडतो, व्यवहारात तो अंगलट येतो. म्हणून जादूगाराच्या कागदावरचा प्रत्येक दावा तपासून पाहता येईल असा असावा लागतो. इतर कलावंतांपेक्षा त्याच्यावर हे बंधन अधिक कडक आहे.

सर्वांत आधी ठरवायचे ते आपण कोणत्या प्रकारचे जादूगार आहोत हे. हातभर अंतरावर पत्ते, नाणी, दोऱ्या घेऊन केलेली जादू म्हणजे क्लोज-अप. पेट्या, यंत्रे, सहायक आणि पडदे घेऊन केलेली मोठी जादू म्हणजे इल्यूजन. मनातला शब्द किंवा आकडा ओळखण्याचा आभास निर्माण करणारा तो मेंटॅलिस्ट. मुलांसाठीची जादू हा स्वतंत्र प्रांत आहे आणि तो मोठ्यांना वाटतो तितका सोपा नाही, कारण मुले भिडेखातर टाळ्या वाजवत नाहीत. नवशिक्याच्या बायोडेटात यातले सगळेच प्रकार ओळीने लिहिलेले असतात. वाचणाऱ्याच्या मनात मग कोणतेच चित्र उभे राहत नाही.

हॅरी हुडिनीची गोष्ट या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. १८७४ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला हा मुलगा सुरुवातीला स्वतःला पत्त्यांचा राजा म्हणवून घेत होता. स्वस्त करमणूकगृहांत तो दिवसातून कितीतरी खेळ करी. पत्ते, रुमाल, पेटी, बेड्या सगळेच दाखवी. १८९८ च्या सुमारास तो इतका निराश झाला होता, की आपली रहस्ये विकायला काढणारे सूचिपत्रही त्याने छापले. १८९९ मध्ये सेंट पॉल शहरातल्या एका बिअर हॉलमध्ये मार्टिन बेक या नाट्यव्यवस्थापकाने त्याचा खेळ पाहिला आणि किरकोळ जादू सोडून बेड्या आणि पेटीतून सुटण्यावर भर द्यायला सांगितले. १९०० मध्ये हुडिनी लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमध्ये खेळ करत होता. तो आयुष्यभर इतर जादूही करत राहिला, पण त्याचे नाव घेताच लोकांना आठवू लागला तो कुठल्याही बंधनातून सुटणारा माणूस. बायोडेटाच्या पहिल्या ओळीत असे एकच चित्र हवे.

पुढे प्रकार बदलता येतो, पण मग ओळखही उघडपणे बदलावी लागते. सुहानी शाह यांनी १९९७ मध्ये वयाच्या सातव्या वर्षी अहमदाबादमध्ये रंगमंचावर पहिला खेळ केला आणि पुढे अनेक वर्षे मोठ्या इल्यूजनचे प्रयोग केले. नंतर त्या मेंटॅलिझमकडे वळल्या. तेव्हा झगमगते नेपथ्य आणि पेट्या मागे पडल्या. त्यांच्या जागी साधे कपडे, मोकळा रंगमंच आणि प्रेक्षकांशी चाललेला संवाद आला. २०२५ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात भरलेल्या जागतिक जादू स्पर्धेत, म्हणजे ‘फिझम’मध्ये, त्यांना ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कार मिळाला. पेट्यांच्या काळातले फोटो त्यांनी तसेच पुढे चालवले असते, तर नव्या प्रेक्षकाला त्यांची नीट ओळखच पटली नसती.

नाव हा प्रतिमेचा पहिला दगड. हुडिनीने ते फ्रेंच जादूगार रॉबेर-हुदँच्या नावावरून घेतले आणि पुढे १९०८ मध्ये त्याच रॉबेर-हुदँवर टीका करणारे पुस्तकही लिहिले. बंगालचे प्रतुलचंद्र सरकार आपले आडनाव इंग्रजीत अशा अक्षरांनी लिहू लागले, की परदेशी वाचकाला त्यात जादूगारासाठीच्या इंग्रजी शब्दाचा नाद ऐकू यावा. धनपतराय गोगिया यांनी ‘पाशा’ ही पदवी जोडून घेतली, आणि ‘गिली गिली’ म्हणणारे गोगिया पाशा भारतभर पोरासोरांना ठाऊक झाले. पुण्याचे रघुवीर भोपळे यांनी यातले काही केले नाही. आडनाव बाजूला ठेवून ते फक्त ‘जादूगार रघुवीर’ झाले. १९२४ मध्ये जन्मलेल्या रघुवीरांचे १९८४ मध्ये निधन झाले. पण त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी तेच नाव पुढे चालवले, आणि महाराष्ट्रात आजही ते नाव उच्चारताच जादूचा प्रयोग डोळ्यांसमोर येतो. मराठी प्रेक्षकासाठी नाव निवडताना हे उदाहरण फार मोलाचे आहे. उच्चारायला सोपे, फलकावर लांबून वाचता येणारे आणि चाळीस वर्षांनीही न शोभेसे होणार नाही असे नाव असावे. ‘द ग्रेट’, ‘विश्वसम्राट’, ‘किंग ऑफ मॅजिक’ ही बिरुदे इतक्यांनी वापरली आहेत, की त्यांनी आता कोणीच मोठा होत नाही.

वेशभूषेबाबत दोन थोर जादूगारांनी परस्परविरुद्ध मार्ग घेतले आणि दोघेही यशस्वी झाले. घड्याळजी असलेल्या रॉबेर-हुदँने १८४५ मध्ये पॅरिसच्या पाले-रॉयाल भागात स्वतःचे छोटे थिएटर उघडले. तो समोर बसलेल्या प्रतिष्ठित प्रेक्षकांसारखाच संध्याकाळचा साधा पोशाख घालून उभा राहिला. जादू आपल्यातल्याच एका सभ्य गृहस्थाच्या हातून घडते आहे, असे त्यातून दिसले. जादूगार म्हणजे काळा कोट आणि उंच टोपी हे समीकरण पुढे शंभर वर्षे टिकले, त्यामागे या परंपरेचा मोठा वाटा आहे. पी. सी. सरकार यांनी उलट केले. जरीची शेरवानी, तुऱ्याचा फेटा, मोठा ताफा आणि भरगच्च देखावे घेऊन त्यांनी ‘इंद्रजाल’ हा आपला प्रयोग जगभर नेला. परदेशी प्रेक्षकाच्या मनात भारतीय महाराजाची जी कल्पना आधीच होती, तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. त्यांची कला त्या वेशाला पुरून उरणारी होती, म्हणूनच तो वेश त्यांना शोभला.

वेश उसना असला की काय होते, हे चुंग लिंग सू याच्याकडे पाहून कळते. त्याचे खरे नाव विल्यम रॉबिन्सन. हा अमेरिकन माणूस चिनी जादूगार म्हणून वावरे, रंगमंचावर जवळजवळ बोलत नसे आणि पत्रकारांशी दुभाष्यामार्फत संवाद साधे. खरा चिनी जादूगार चिंग लिंग फू १९०५ मध्ये लंडनला आला, तेव्हा त्याने या नकलेला जाहीर आव्हान दिले. ते आव्हान प्रत्यक्षात तडीस गेले नाही आणि सूचा धंदा तेवढ्यापुरता वाचला. १९१८ च्या मार्चमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या खेळात यंत्रणा बिघडून तो जखमी झाला आणि पडदा पाडा असे इंग्रजीत ओरडला. दुसऱ्या दिवशी तो वारला. आज कोणाच्या संस्कृतीचे असे सोंग घेणे अप्रतिष्ठेचे ठरेल, आणि मोबाइलच्या काळात ते आठवडाभरही टिकणार नाही.

सामान्य जादूगाराने वेश ठरवताना प्रेक्षक आणि काम या दोहोंचा विचार करावा. लहान मुलांच्या वाढदिवसाला गडद काळा वेश भीतिदायक ठरतो. कंपनीच्या कार्यक्रमात चमकीचा कोट हास्यास्पद वाटतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या मांडवात जाड सूट घातला तर घामाने पत्ते चिकटतात आणि रुमाल उघडत नाहीत. क्लोज-अप करणाऱ्याचे हात सगळा वेळ लोकांच्या नजरेसमोर असतात, म्हणून स्वच्छ, कापलेली नखे ही त्याच्या वेशभूषेतली पहिली गोष्ट. बोलण्यालाही तेवढेच महत्त्व आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी यांपैकी कोणत्या भाषांत सहज प्रयोग करता येतो हे बायोडेटात लिहावे आणि प्रत्येक भाषेतली संहिता वेगळी तयार ठेवावी. रंगमंचावर बोलावलेला प्रेक्षक हा पाहुणा असतो. त्याच्या टकलावर, पोटावर किंवा नवरा-बायकोच्या भांडणावर विनोद करणारा जादूगार टाळ्या घेऊन जातो, पण पुढच्या वर्षी त्याला बोलावणे येत नाही.

जादूच्या जाहिरातीत चित्राचे सामर्थ्य ओळखले गेले ते रंगीत शिळाछपाईच्या काळात. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिज कंपनीने अमेरिकन जादूगार हॅरी केलरसाठी छापलेल्या भित्तिपत्रकांत लाल रंगाची इवलीशी भुते त्याच्या खांद्यावर बसून कानात काही सांगताना दिसत. त्या चित्रात एकही खेळ दाखवलेला नसे. हा माणूस गुपिते जाणतो एवढेच सांगितलेले असे. केलरनंतर जादूगार थर्स्टनने आणि इतरांनीही ती भुते उचलली. आजच्या फोटोसाठीही तोच नियम चालतो. एक फोटो चेहऱ्याचा, स्वच्छ प्रकाशातला. दुसरा प्रत्यक्ष प्रयोगातला, ज्यात चकित झालेले प्रेक्षकही दिसतात. दुसऱ्या फोटोची किंमत पहिल्याहून जास्त आहे, कारण कार्यक्रम ठरवणाऱ्याला आपले लोक त्या जागी बसलेले पाहायचे असतात. संगणकावर जोडलेल्या ज्वाळा, विजा आणि वाघ यांनी फोटो भरला, तर प्रत्यक्ष प्रयोगात त्या न दिसल्याची तक्रार येणार हे ठरलेलेच.

आता प्रत्यक्ष कागद. तो एका पानाचा असावा. वर नाव, प्रकार आणि संपर्क. त्याखाली दोन-तीन वाक्यांत प्रयोगाचे वर्णन: किती वेळाचा, कोणत्या वयासाठी, किती प्रेक्षकांपर्यंत. मग निवडक कार्यक्रम, संस्थेच्या नावासह आणि वर्षासह. शंभर नावांच्या यादीपेक्षा ज्यांना फोन करून विचारता येईल अशी सहा नावे अधिक काम करतात. नवशिक्याकडे अशी नावे नसतात आणि त्याने ती बनवू नयेत. अनाथाश्रम, वृद्धाश्रम, शाळा, वाचनालये, सोसायटीचा गणपती येथे केलेले प्रयोगही खरेच असतात. ते विनामूल्य केले हे लपवण्याचे कारण नाही. मात्र तेथून दोन ओळींचे पत्र आणि प्रयोगाचे चित्रीकरण मागून घ्यावे.

तांत्रिक गरजा सोबत जोडलेल्या वेगळ्या पानावर याव्यात. या पानाकडे दुर्लक्ष होते आणि कार्यक्रम फसण्याची निम्मी कारणे याच पानावर असतात. रंगमंच किती फूट रुंद व खोल हवा, मागे पडदा किंवा भिंत लागते का, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसले तर कोणते खेळ होऊ शकत नाहीत, विंगेतून येण्याजाण्याची वाट, कॉलर माइक की हातातला, संगीत पेनड्राइव्हवरून की मोबाइलवरून, मांडणीला आणि आवरायला लागणारा वेळ, सहायकांची संख्या, मालमोटार कुठपर्यंत येऊ शकते. जादू कोनांवर चालते. समोरच्या प्रेक्षकाला अदृश्य असलेली गोष्ट बाजूच्या खुर्चीवरून स्वच्छ दिसू शकते, आणि मांडव घालणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते. ज्वाळा किंवा धूर वापरायचा असेल तर सभागृहाची परवानगी कोण घेणार हेही इथेच लिहावे. असे पान हाती पडताच आयोजकाला समोरचा माणूस मुरलेला असल्याची खात्री पटते.

व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत असावा आणि त्यात किमान एक खेळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत कापाकापी न करता दिसावा. सिनेमातली जादू कात्रीने होते हे सर्वांना माहीत आहे. म्हणून जिथे दृश्य तुटते तिथे जाणकाराचा विश्वासही तुटतो. प्रेक्षकांचा खरा आवाज ठेवावा, वरून ढोलताशे लावू नयेत.

लेखी पुराव्याचे महत्त्व हुडिनीइतके क्वचितच कोणी ओळखले असेल. गावात गेले की तो पोलीस ठाण्यात जाई, तिथल्या बेड्यांतून किंवा कोठडीतून सुटून दाखवी, अधिकाऱ्याकडून तसे पत्र घेई आणि ते छापून काढी. जर्मनीत एका पोलिसाने आणि वृत्तपत्राने त्याच्यावर लबाडीचा आरोप केला, तेव्हा १९०२ मध्ये कोलोनच्या न्यायालयात बदनामीचा खटला लढून त्याने तो जिंकला. त्या निकालाचीही त्याने जाहिरात केली.

संस्थांची सभासदत्वे हा पुराव्याचा दुसरा भाग. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स, १९०५ चे लंडनचे मॅजिक सर्कल आणि १९२२ पासूनची इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स या जुन्या आणि मान्य संस्था आहेत. मॅजिक सर्कलमध्ये प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते, म्हणून त्या सभासदत्वाला वजन आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिझम’च्या स्पर्धा दर तीन वर्षांनी होतात, तिथपर्यंत पोहोचणे हेच नोंद करण्याजोगे. पैसे भरून मिळणारे ‘विक्रम’ आणि मानद डॉक्टरेट मात्र बायोडेटाला हलका करतात. जाणत्या आयोजकाच्या नजरेतून ती सुटत नाहीत.

प्रसिद्धीसाठी केलेली कृतीही प्रतिमेचाच भाग. पी. सी. सरकार डोळ्यांवर पट्ट्या बांधून गजबजलेल्या रस्त्यांवरून सायकल चालवत आणि त्या शहरातला खेळ सुरू होण्याआधीच तो लोकांच्या तोंडी होई. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला फिरत्या करवतीने मधोमध कापले. तिला जागे करण्याचा प्रयत्न केला, ती हलली नाही, त्यांनी तिच्या चेहऱ्यावर कापड टाकले आणि तेवढ्यात निवेदकाने कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. हजारो घरांत मुलगी मेली असा समज झाला, बीबीसीचे फोन अडकून गेले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सरकारच होते. वेळ संपल्याने असे झाले असे सांगण्यात आले. पण वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या माणसाचा तो अंदाज चुकला असेल, हे पटणे कठीण आहे. लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधल्या त्यांच्या प्रयोगांना त्यानंतर गर्दी लोटली. ती गर्दी टिकली, कारण तिला दाखवायला सरकारांकडे पूर्ण प्रयोग तयार होता.

महाराष्ट्रात जादूगाराच्या प्रतिमेला आणखी एक बाजू आहे. जादूटोणाविरोधी कायदा म्हणून ओळखला जाणारा २०१३ चा राज्याचा अधिनियम तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि चमत्कारांच्या प्रचाराने लोकांना फसवणे याला गुन्हा मानतो. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा तर १९५४ पासून आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव बुवाबाजीतले चमत्कार हातचलाखीने करून दाखवतात आणि त्यामागचे कारणही सांगतात. अशा समाजात ‘दैवी शक्ती’, ‘सिद्धी’, ‘मन वाचण्याची जन्मजात देणगी’ असे शब्द जाहिरातीत घालणे धोक्याचे आहे आणि कलेचा अपमान करणारेही आहे. विशेषतः मेंटॅलिस्टने आपण भविष्य सांगत नाही, आजार बरे करत नाही, हे बायोडेटात आणि रंगमंचावर स्पष्ट सांगावे. तंत्र, सराव आणि मानसशास्त्र यांचा हा खेळ आहे एवढे सांगितल्याने आश्चर्य कमी होत नाही. उलट वर्षानुवर्षांच्या मेहनतीला तिचे श्रेय मिळते.

प्रामाणिकपणा सहकलावंतांबाबतही हवा. दुसऱ्याचा संपूर्ण प्रयोग, त्याच्या बोलण्यासकट, उचलून स्वतःचा म्हणून दाखवणे या क्षेत्रात लगेच कळते, आणि त्यानंतर ज्येष्ठांची शिफारस मिळत नाही. कबुतरे, ससे किंवा इतर प्राणी खेळात आणायचे तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी लागते. साप आणि देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. प्राण्यांविना प्रयोग बसवणे आज व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

मानधनाचा आकडा बायोडेटावर छापू नये, पण विचारल्यावर लगेच सांगता यावा. शहर, अंतर, सहायक, सामान आणि प्रयोगाची लांबी यांवर तो ठरतो. सुपारी घेताना तोंडी बोलण्यावर न थांबता एका पानाचा करार करावा: तारीख, वेळ, इसाराची रक्कम, उरलेली रक्कम प्रयोगाआधी की नंतर, प्रवास-निवास कोणाकडे, पावसाने मांडव कोसळला तर काय. बिल, पॅन क्रमांक आणि टीडीएसची माहिती तयार असली, की कंपन्यांचे हिशेब विभाग त्या जादूगाराला पुन्हा बोलावायला कचरत नाहीत. ध्वनिमुद्रित संगीत जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो. तो आयोजक घेणार की कलावंत, हे करारात लिहिलेले बरे.

प्रयोग झाल्यावर दोन-तीन दिवसांत आयोजकाला आभाराचा निरोप पाठवावा, त्याच वेळी अभिप्राय मागावा आणि कोणते खेळ कुठे दाखवले याची वही ठेवावी. त्याच शाळेने पुढल्या वर्षी बोलावले, तर तेच खेळ पुन्हा होऊ नयेत यासाठी ही वही लागते. बायोडेटा वर्षातून एकदा तरी नव्याने लिहावा. जुने फोटो काढावेत, बंद केलेले खेळ वगळावेत, आणि कागदावर नाव असलेला प्रत्येक खेळ उद्या सकाळी करून दाखवता येतो का, हे तालमीत तपासावे.